टँकमधलं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे तरी रॅम मासा मेला, दुसरा पण वर येऊन धापा टाकतोय

नवखा_टँकवाला: नमस्कार मंडळी, ६० लिटरचा टँक आहे, लावून तीन आठवडे झालेत, १० निऑन टेट्रा आणि जर्मन ब्लू रॅमची जोडी. नर काल गेला. मादीचा निळा रंग उतरून राखाडी झालाय, कल्ले भराभर हलतात, खायला टाकलं की तोंडात घेते आणि थुंकते. टेंपरेचर २५, पाणी एकदम क्लिअर, दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतो म्हणजे घाणीचा प्रश्नच नाही. निऑन मस्त फिरतायत, मग हिलाच काय झालं?

शेवाळप्रेमी: सगळं पाणी काढ आणि नवीन भर, दोन दिवसांत ठणठणीत.

कल्ले_आणि_पर: नको रे बाबा, सगळं एकदम बदललंस तर उरलेली पण जाईल. आधी अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट कर, डोळ्याला ते दिसत नाही, विष असलं तरी पाणी चकाचकच दिसतं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, नवीन टँकमध्ये हे सगळं बसायला ४ ते ६ आठवडे जातात आणि ते बॅक्टेरिया राहतात कुठे तर त्याच स्पंजमध्ये, जो तू दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली धरतोस!! स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, बास. तपकिरी दिसला तर दिसू दे.

नवखा_टँकवाला: केली टेस्ट. नायट्राइटची ट्यूब जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट भरपूर 😟

कल्ले_आणि_पर: वाटलंच. नायट्राइटने रक्त ऑक्सिजन नेऊ शकत नाही म्हणून ती वर येते. आत्ता ४०% पाणी बदल, नवीन पाण्यात डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, टेंपरेचर जुळवून, आणि हळूहळू ओत. दोन दिवस खाणं बंद. एअर पंप असेल तर लाव. साधं मीठ १० लिटरला १ ग्रॅम, आधी विरघळवून, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. नंतर रोज टेस्ट करून थोडं थोडं पाणी बदलत राहा.

डिस्कसवेडी: अजून एक, २५ रॅमला थंड पडतं हो. तो ओरिनोको खोऱ्यातला मासा, २७ ते ३० मध्ये खुलतो. निऑनला उलट एवढी गरमी सोसत नाही, त्यामुळे रॅम-निऑन ही जोडी मुळात जमतच नाही, दुकानात कोणी सांगत नाही एवढंच. रॅम ठेवायचाच असेल तर सोबत कार्डिनल टेट्रा घ्या, दिसायला तसाच, फक्त लाल पट्टा अख्ख्या पोटावरून जातो, आणि त्याला २८ चालतं. मी पण पहिल्या वर्षी असेच चार रॅम घालवले आणि प्रत्येक वेळी दुकानदाराला शिव्या दिल्या. पण आत्ता लगेच हीटर वाढवू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. आधी नायट्राइट शून्यावर येऊ दे.

नवखा_टँकवाला: तिसरा दिवस. ट्यूब फिकट झालीये, मादी खाली दगडामागे बसते आता, वर येत नाही. आज एक आर्टेमिया (खायला टाकतो ती बारीक कोळंबी) गिळला, थुंकला नाही. पण सकाळी लाइट लावला तर निऑन सगळे पांढरट, पट्टा गायब, आता हे काय नवीन?

डिस्कसवेडी: अहो झोपेत होते ते 😄 अंधारात रंग उतरतो त्यांचा, थोडा वेळ थांबा आणि परत बघा.

नवखा_टँकवाला: आले रंग. मी मीठ जास्त झालं समजून पाणी बदलायला बादली भरून ठेवली होती.