मदत हवी आहे: कर्जाच्या धास्तीने बहिणीचं एलएलबीच्या अभ्यासातलं मन उडालंय

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कोरडवाहू कापूस आणि तूर. धाकटी बहीण नागपुरात तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शैक्षणिक कर्जावर बाबांचीही सही आहे.

पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आली की गावातल्या लोकांचे सातबारे, फेरफार वाचून समजावून सांगायची. आता पुस्तक उघडते आणि व्याजाचा हिशोब मांडत बसते. पेपर निघण्यापुरतंच वाचते. पोरगी आळशी नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

तिला न्यायाधीश व्हायचं होतं. पण मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या परीक्षेला आधी तीन वर्षं वकिली लागते. कर्जाचा हप्ता मात्र शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होणार. तालुका कोर्टात ज्युनिअरला सुरुवातीला काय सुटतं, ते सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून ती म्हणते, "दादा, सोडते आणि क्लार्कच्या परीक्षा देते." माझ्या मते हे चूक आहे, पण तिला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नाही.

कर्ज काढून वकील झालेल्यांनी कृपया सांगा: शिकत असताना अभ्यासात मन कसं टिकवलं? पहिली वर्षं हप्ता कशातून भरला? कापसाचे चुकारे आले की आत्तापासून नुसतं व्याज भरत गेलो, तर तिचा भार खरंच हलका होईल का? यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या एखाद्या वकील ताई तिच्याशी बोलतील तर फार उपकार होतील.