इनॅमलच्या बेकिंग ट्रेवरचा चिकट तपकिरी थर कसा काढायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्याकडे ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वापरायचा इनॅमलचा खोल ट्रे आहे, आतून पांढरा, कडेला निळी पट्टी. चटणीसाठी शेंगदाणे तेल-मीठ लावून त्यातच भाजते (सोलापुरात राहून शेंगाचटणी विकत कोण आणणार), आणि दरवेळी उडालेलं तेल जळून जळून आता कोपऱ्यात तपकिरी, गोंदासारखा थर बसलाय.

गरम पाणी आणि लिक्विड सोप घालून रात्रभर भिजवलं, मग खायच्या सोड्याची पेस्ट तासभर लावून नायलॉनच्या घासणीने घासलं, तर वरवरचं गेलं पण कोपरे तसेच. तारेची घासणी लावली नाहीये, कारण इनॅमल म्हणजे लोखंडावर चढवलेली काचच, चरे पडले की डाग अजूनच धरतो. व्हिनेगर एकदा लावलं, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निघाले पण तेलाला काहीच फरक नाही आणि आंबट जास्त वेळ ठेवलं की चकाकी जाते म्हणून परत धाडस केलं नाही. ट्रे तापलेला असताना गार पाणी कधीच ओतत नाही.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे सारखं भिजवून फेकणं परवडत नाही. ट्रे सासूबाईंचा आहे, टाकून नवीन घे हे कृपया सांगू नका.

सोड्याचं पाणी ट्रेमध्येच गॅसवर उकळवलं तर चालेल का, की तळाला तडे जातील? आणि एका कडेचा टवका उडून आतलं लोखंड दिसतंय, थोडा गंजही आहे, तर त्यात अजून खायचं भाजावं का?