जिन्यातली ती भेट

व्हिक्टोरियन काळातली प्रेमचित्रं म्हणजे नुसता कॅलेंडरछाप गोडवा, असं कुणी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. आयरिश चित्रकार फ्रेडरिक विल्यम बर्टनचं १८६४ सालचं 'द मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स' (बुरुजाच्या जिन्यातली भेट) हे चित्र बघा. गोष्ट एका जुन्या डॅनिश पोवाड्यातली. हेलेलिल आपल्या रक्षकाच्या, हिल्डेब्रांडच्या प्रेमात पडते आणि तिचा बाप सात मुलांना त्याला मारायला धाडतो. बर्टनने तलवारबाजी, रक्त सगळं सोडलं आणि अरुंद दगडी जिन्यातला निरोपाचा क्षण तेवढा घेतला. दोघांची नजरानजरही नाही! तिने मान वळवलीय, तो तिच्या दंडावर ओठ टेकवून डोळे मिटून उभा आहे. तिचा तो गर्द निळा झगा आणि पायरीवर पडलेल्या पाकळ्या बघताना माझ्या तर पोटात तुटतं.

कुणी या चित्रातल्या तैलरंगांच्या झळाळीचं कौतुक करतं म्हणून सांगतो, हे तैलचित्र नाही. कागदावर जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग) आहे. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये ते आठवड्यातून मोजके तासच बघायला खुलं करतात. जाणार असाल तर वेळ आधी बघून ठेवा.