कितव्या मिनिटाला तो तुमचा झाला?

मागच्या आठवड्यात भाच्यासोबत १९७८ चा 'सुपरमॅन' पुन्हा पाहिला. हाताशी घड्याळ होतं म्हणून वेळ मोजली. ख्रिस्तोफर रीव्ह निळ्या-लाल पोशाखात दिसेपर्यंत पाऊण तास उलटून जातो. तोवर त्याचा जन्मग्रह क्रिप्टॉन फुटतो, शेतावरचे दिवस संपतात, सांभाळणारे वडील जातात. भाचा बारा वर्षांचा, रिमोट त्याच्याच हातात, तरी उठला नाही. पण तो पुरता विरघळला तो हेलिकॉप्टरच्या प्रसंगात. पत्रकार लोइस उंच इमारतीवरून खाली पडतेय, हा वर उडत जाऊन तिला झेलतो आणि अगदी सभ्यपणे सांगतो की काळजी नको, मी धरलंय तुम्हाला. ती किंचाळते: मला तुम्ही धरलंय, पण तुम्हाला कोणी धरलंय? भाचा सोफ्यावरून खाली आला हसत.

त्यावरून हा धागा सुचला. ज्यांनी आयुष्यात एकही कॉमिक वाचलं नाही, कुणाच्या तरी आग्रहाखातर सुपरहिरोच्या सिनेमाला गेले, त्यांनी आवर्जून लिहा. कुठला क्षण होता, ज्यानंतर तुम्ही घड्याळ बघणं सोडलंत? जाणकारांचंही स्वागत आहे, फक्त 'मूळ कॉमिकमध्ये असं नाही' हे वाक्य खिशातच राहू द्या.

* * *

मी सुरू करते. २००८, 'आयर्न मॅन'. भावाच्या मित्राने ऐनवेळी टांग दिली म्हणून तिकीट माझ्या वाट्याला आलं. नाव ऐकून वाटलं, यंत्रमानवाचा सिनेमा असणार. सुरुवातच अफगाणिस्तानात लष्करी गाडीत. तीन घाबरलेले कोवळे सैनिक आणि त्यांच्यामध्ये सूट घालून, हातात ग्लास धरून बसलेला एक आगाऊ माणूस. तो त्या पोरांना बोलतं करतो, हसवतो, एकाबरोबर फोटो काढतो. दोन मिनिटांत मला ती पोरं आवडायला लागली आणि पुढच्याच क्षणी गाडीवर हल्ला. पोरं मेली. हा वाचला आणि त्याच्या शेजारी येऊन पडलेल्या बॉम्बवर त्याच्याच कंपनीचं नाव.

चिलखत नाही, उडणं नाही, काही नाही. तरी मला या माणसाबद्दल सगळं कळलं होतं: हुशार, गोड बोलणारा, आणि आपण काय विकतो याचा कधी विचार न केलेला. त्यानंतर सिनेमा ३६ तास मागे जातो, पण मी तोवर गुंतले होते. रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा मोठा वाटा आहेच. दुसरा कुणी असता तर तो आगाऊपणा नुसताच डोक्यात गेला असता.

* * *

माझा अनुभव उलट्या बाजूचा. मी पक्का फॅन, आणि २०१९ मध्ये आईला घेऊन गेलो 'अ‍ॅव्हेंजर्स: एन्डगेम'ला. मार्व्हलच्या मालिकेतला बाविसावा सिनेमा, तीन तासांचा. आईने आधीचे एकवीस पाहिलेले नव्हते. आदल्या रात्री मी तिला कागदावर वंशावळ काढून दाखवली होती, बाण वगैरे काढून. तिने तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि एकदाही उघडला नाही.

सिनेमा सुरू होतो तो हॉकआय या धनुर्धारी नायकाच्या कुटुंबापासून. मोकळं हिरवं रान, बाप मुलीला धनुष्य शिकवतोय, बायको मागून खायला बोलावतेय. तो क्षणभर मान वळवतो. परत बघतो तर मुलगी नाही. बायको नाही. मुलं नाहीत. हवेत थोडी राख. मी आईच्या कानाशी लागलो, "आई, हा हॉकआय, म्हणजे मागच्या भागात त्या खलनायकाने, थॅनॉसने, चुटकी वाजवून अर्ध्या जगाला गायब..." आईने माझ्या मांडीवर हात ठेवून मला गप्प केलं. तिचे डोळे भरले होते. त्या प्रसंगाला मागचं काहीच लागत नाही. ज्याला लेकरं आहेत त्याला तो कळतो.

पुढे वेळप्रवास आला आणि आई हरवली. "हा तोच का मघाचा?" हे तिने किमान दहा वेळा विचारलं. शेवटी हवेत जादूची दारं उघडून गायब झालेले एकेक जण बाहेर येतात, सगळं थिएटर उभं राहून ओरडतंय, मी रडतोय, आणि आई शांतपणे म्हणाली, "एवढे होते, तर मग आधीच का नाही आले?"

आजही तिला त्या सिनेमातला एकच माणूस आठवतो. "तो धनुष्यवाला."

* * *

ग्रूट. बस्स.
(बरं, सविस्तर लिहिते. २०१४ चा 'गार्डियन्स'. तीन शब्दांपलीकडे न बोलणारं झाड. तुरुंग, मारामारी सगळं होऊन गेलं तरी मी कोरडीच होते. मग एका कळकट वस्तीत एक छोटी मुलगी समोर येते, तर हा तळहातावर फूल उगवतो आणि तिला देऊन चालू लागतो. कुणी त्यावर काही बोलतही नाही. पाच-सहा सेकंदांचा प्रसंग असेल. मी विकली गेले.)

* * *

बॅटमॅनच्या लहानपणी गल्लीत त्याचे आईवडील मारले जातात, तेव्हा आईच्या गळ्यातली माळ तुटून मोती रस्त्यावर सांडताना मी १९८९ मध्ये पाहिलं, २००५ मध्ये पाहिलं, २०१६ मध्ये पाहिलं आणि २०१९ च्या 'जोकर'मध्येही पाहिलं. आता कुणी गल्लीत शिरलं की मीच म्हणतो, "बाई, माळ काढून ठेवा." २०२२ च्या 'द बॅटमॅन'ने हे दाखवलं नाही म्हणून मी त्याला अर्धे गुण बसल्या जागी दिले.

* * *

वरच्या माळवाल्या दादांशी सहमत, पण एक भर. मी हौशी नाटकं लिहितो आणि पात्राची ओळख कशी करून द्यायची यावर आमच्यात कायम भांडणं होतात. माझ्याकडे दोन टोकाची उदाहरणं आहेत.

एक, २०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'. त्यात फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन आणि सायबॉर्ग या तिघांची ओळख कशी होते? वंडर वुमन लॅपटॉपवर ईमेल उघडते आणि त्यासोबत आलेल्या व्हिडिओ फायली एकामागून एक बघते. बरोबर कॉमिकवाला मित्र होता, तो खुर्चीतून उडत होता. मला ऑफिसची आठवण आली. ज्याला ही नावं आधीच प्रिय आहेत त्याला नुसती झलक पुरते. बाकीच्यांच्या हाती फक्त फायली.

दुसरं, २०११ चा 'कॅप्टन अमेरिका'. काडीपहिलवान स्टीव्ह, धड कवायतही जमत नाही. कर्नलला तो नकोच आहे. कर्नल एक खोटा हातबॉम्ब सैनिकांत फेकतो. धिप्पाड गडी दाही दिशांना पळतात आणि हा मरतुकडा धावत जाऊन त्या बॉम्बवर पालथा पडतो, बाकीच्यांना हातवारे करून लांब व्हायला सांगतो. शक्ती देणारं औषध अजून टोचलेलं नाही. म्हणजे शक्ती यायच्या आधीच नायक तयार आहे. पात्राला काय येतं हे सांगण्यापेक्षा कुणी बघत नसताना ते काय करेल हे दाखवा, असं मी आमच्या मंडळींना सांगतो. ऐकत नाहीत, पण सांगतो.

आणि मूळ कथा गाळताही येते, हे स्पायडरमॅनने दाखवलं. २००२ मध्ये कोळी चावला, २०१२ मध्ये पुन्हा चावला. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये पोरगं कचऱ्यातून उचललेला डीव्हीडी प्लेअर काखोटीला मारून घरी येतं, तर सोफ्यावर मावशीशेजारी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, बसलेला. (मावशी की काकू, हा वेगळा धागा होईल.) चावण्याची गोष्ट चार वाक्यांत उरकली. कुणाचं काही अडलं नाही.

* * *

माझं वय पन्नाशीपुढे, मुलीने नेलं होतं. 'वंडर वुमन', २०१७. पहिला भाग मला बेटावरच्या कसरतींसारखा वाटला, सुंदर पण लांबचा. मग पहिल्या महायुद्धातला तो खंदक. सगळे पुरुष तिला समजावतायत की पलीकडे जाता येणार नाही, आपण त्यासाठी आलेलो नाही, सगळ्यांना वाचवता येत नसतं. ती अंगावरचा कोट टाकते आणि शिडी चढून वर जाते. एकटी. पहिली गोळी मनगटावर अडवते, मग चालायला लागते.

मला रडू का आलं ते मुलीला सांगता आलं नाही. "आई, अजून लढाई सुरू पण झाली नाही," असं ती म्हणत होती.

* * *

इथे सगळे हळवे झालेत म्हणून कडू बोलतो. मला हे सिनेमे कधी जिंकू शकले नाहीत. गंभीर काही घडलं की लगेच विनोद, आणि शेवटी पडद्यावरची नावं संपली तरी थांबायचं, कारण पुढच्या सिनेमाचा गृहपाठ द्यायचा असतो. अपवाद एकच, बॅटमॅनच्या 'द डार्क नाइट'ची सुरुवात. विदूषकाचे मुखवटे घातलेले दरोडेखोर, जो तो आपलं काम झालेल्या साथीदाराला गोळी घालतोय, आणि ज्याच्याबद्दल सगळे कुजबुजतायत तो त्यांच्यातच आहे हे अगदी शेवटी कळतं. मुखवटा काढतो तोवर आपण त्याला ओळखून चुकलेलो असतो. पण तो खलनायक, जोकर. नायकासाठी कुणी एवढी मेहनत घेतो का?

* * *

घेतात की! २०२५ चा 'सुपरमॅन' बघा. तीन शतकांपूर्वी, तीन दशकांपूर्वी, असं करत करत तीन मिनिटांपूर्वीपर्यंतची सगळी पार्श्वभूमी पडद्यावर मोजक्या ओळींत उरकतात. लगेच तो आभाळातून बर्फात आदळतो, हाडं मोडलेली, आयुष्यातली पहिली लढाई हरून आलेला. जेमतेम शिट्टी वाजवतो. मदतीला येतो कुत्रा, आणि तो आधी मालकाच्या मोडक्या अंगावर मनसोक्त नाचून घेतो. माझ्या नवऱ्याला सुपरहिरो म्हटलं की जांभई येते. तो पुढे सरकून बसला. नंतर विचारलं तर म्हणाला, "कुत्रा चांगला होता."

* * *

'एन्डगेम'वाला पुन्हा हजर. धागा आईला वाचून दाखवला. हातबॉम्बवर झोपणारा मुलगा तिला पटला, तो सिनेमा लावून दे म्हणाली. मग थोड्या वेळाने आतल्या खोलीतून विचारलं, "त्या धनुष्यवाल्याला शेवटी फोन आला होता ना, तो बायकोचाच होता ना?"

मी हो म्हणालो. तो वंशावळीचा कागद अजून तिच्या पर्समध्येच आहे.