पंचगिरी पूर्णवेळ करावी का? जाणत्यांनी सांगा

डावी बगल:
नमस्कार मंडळी. वय 25. आधी डावी बचावपटू म्हणून खेळायचे. संघात निवड होईना, म्हणून पंचांची परीक्षा दिली. तीन वर्षं फुटबॉलचे सामने घेतेय, बहुतेक 14 आणि 16 वर्षांखालच्या मुलांचे. मन लागलंय. नोकरी सोडून यातच उतरावं असं वाटतं.

पण गेल्या रविवारी 88व्या मिनिटाला मी पेनल्टी दिली. शिट्टी वाजवताना पूर्ण खात्री होती. रात्री व्हिडिओ पाहिला तर बचावपटूचा पाय आधी चेंडूला लागलेला, स्वच्छ. तो संघ 1-0 ने हरला. त्यांचा गोलरक्षक सगळे निघून गेल्यावरही खांबाला टेकून बसून होता. आठ दिवस झाले, तो डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलंय ते अशा चुकीचं काय करतात?

जुनी शिट्टी:
19 वर्षं शिट्टी वाजवली, आता नव्या पंचांच्या सामन्यांचं मूल्यमापन करतो. नोकरीचं नंतर बोलू. आधी मला एवढंच सांगा, त्या क्षणी तुम्ही कुठे उभ्या होतात?

हे मी प्रत्येक नव्या पंचाला विचारतो. चुकीचा निर्णय बहुतेक वेळा नियम माहीत नसल्याने होत नाही, चुकीच्या जागेवरून पाहिल्याने होतो. थेट मागून पाहिलं की आक्रमकाची पाठ दिसते आणि मग तो पडलेला दिसतो. मधलं काहीच दिसत नाही, ते आपलं मन भरून काढतं. म्हणूनच खात्रीही वाटते. चार पावलं बाजूला असतात तर दोघांच्या पायांमधली फट दिसली असती.

सहाव्या वर्षी माझ्याकडून एक चुकीचं लाल कार्ड गेलं. त्या खेळाडूचा पुढचा सामनाही हुकला. तेव्हापासून वही ठेवली. वादाचा प्रत्येक निर्णय, मिनिट, आणि मैदानाचं चित्र काढून माझ्या जागेवर फुली. दोन हंगामांनी पानं चाळली तर अर्ध्याहून जास्त फुल्या एकाच प्रकारच्या. समोरच्या संघाचा कॉर्नर तोडून उलट हल्ला सुटला की मी मागे पडायचो आणि पाठीमागून बघायचो. वाईट वाटणं त्यानेही थांबलं नाही, पण काय दुरुस्त करायचं ते कळलं.

2010 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी योंगची लाथ स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसली आणि पंच हॉवर्ड वेबने पिवळं कार्ड दाखवलं. पुन्हा पाहिल्यावर ते लाल हवं होतं हे त्याने उघड मान्य केलं. त्याला नीट दिसलंच नव्हतं. तो जगातल्या सगळ्यात चांगल्या पंचांपैकी एक होता.

आता नोकरी. वेब पोलीस सार्जंट होता, 2002 चा अंतिम सामना घेणारा कोलिना आर्थिक सल्लागार. इंग्लंडमध्ये वरच्या फळीचे पंच व्यावसायिक झाले तेही 2001 मध्ये. वर चढायचं म्हणजे खालच्या गटाचे सामने, रेषेवरचं काम (म्हणजे झेंडा धरणारा सहायक पंच), चौथा पंच, आणि दर पायरीला मूल्यमापकाचा अहवाल. आंतरराष्ट्रीय पंचाचा फिफाचा बिल्लासुद्धा एका वर्षाचाच, दरवर्षी नव्याने मिळवायचा. करार हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पळण्याची चाचणी मात्र आजपासून धरा: 40 मीटर सहा वेळा जोरात, मग 75 मीटर धाव आणि 25 मीटर चाल, असं चाळीस वेळा. चार किलोमीटर होतात.

रेषेवरून:
डावी बगल, रेषेवरच्या कामाचाही विचार करा. ती नुसती पायरी नाही, स्वतंत्र कारकीर्द आहे. मी अकरा वर्षं झेंडाच धरते. ऑफसाइड पकडायला नजर शेवटून दुसऱ्या बचावपटूवर ठेवायची आणि पासचा आवाज कानाने टिपायचा. ते जमायला मला दोन हंगाम लागले, पण जमलं त्या दिवसाचा आनंद अजून आठवतो. 1 डिसेंबर 2022 ला स्टेफनी फ्रापारने कोस्टा रिका-जर्मनी सामना घेतला, पुरुषांच्या विश्वचषकातली पहिली महिला मुख्य पंच. दोन्ही रेषांवरही बायकाच होत्या, न्यूझा बाक आणि कारेन दियास. मी तो सामना उभ्याने पाहिला.

गोलकीपरची आई:
पंचगिरीतलं मला कळत नाही. माझ्या मुलाविरुद्ध असाच एक निर्णय गेला होता. पुढच्या वेळी भेटल्यावर ते पंच स्वतः त्याच्याजवळ आले, "माझं चुकलं" म्हणाले. तो बारा वर्षांचा होता. हरलेला सामना तो विसरला, हे नाही विसरला.

डावी बगल:
सगळ्यांचे आभार. व्हिडिओ पुन्हा पाहिला. मी आक्रमकाच्या थेट मागे होते, वीसेक मीटरवर. आणि जुनी शिट्टी, तोही कॉर्नरनंतरचा उलट हल्लाच होता! मग कॉर्नरच्या वेळी उभं कुठे राहायचं?

जुनी शिट्टी:
पेनल्टी बॉक्सच्या कडेजवळ, थोडं तिरकं, गर्दी समोर दिसेल असं. गोलरेषेकडे ओढल्या जाऊ नका. चेंडू बाहेर फेकला गेला की त्याच्याकडे बघत थांबायचं नाही. कुणाच्या पायात पडणार ते हेरून पहिली दहा पावलं जिवाच्या आकांताने टाकायची, आणि धावतानाच बाजूला सरकायचं. पुढच्या सामन्याचा व्हिडिओ मिळाला तर मला पाठवा, दोघं मिळून पाहू.