बाऊंटी टूर्नामेंट परवडते का? सात जणांना उडवलं, तरी वहीत उणे

इंजिनमिस्त्री_मालवण
ट्रॉलरांची इंजिनं दुरुस्त करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. इंजिन खोलून झालं की स्पेअर पार्ट येईपर्यंत हात मोकळे. मग कुडाळहून रेल्वेने थिवी, तिथून पणजी, मांडवीतल्या कॅसिनोत पोकर.

दोन पावसाळ्यांत चार बाऊंटी टूर्नामेंट खेळलो, म्हणजे ज्यात समोरच्याला बाद केलं (उडवलं) की त्याच्या डोक्यावर लावलेलं बक्षीस मिळतं. एंट्री १०,०००: ४,५०० प्राइज पूलमध्ये, ४,५०० आपल्या डोक्यावर, १,००० कॅसिनोचे. प्रोग्रेसिव्ह प्रकार, म्हणजे एखाद्याला उडवलं की त्याच्या बाऊंटीचे अर्धे रोख, उरलेले अर्धे आपल्या डोक्यावर चढतात. सात जण उडवले: पाच कोरी डोकी (ज्यांच्यावर सुरुवातीचे ४,५०० च होते), दोन ६,७५० वाली. बाऊंटीचे १८,००० आले, एकदा कशीबशी मिनकॅश, म्हणजे प्राइज पूलमधलं सगळ्यात लहान बक्षीस, ९,०००. गेले ४०,०००. भाडं आणि लॉज तर धरलेलंच नाही. खेळात खोट आहे की माझ्यात?

सुकटभाकरी
सात जणांक उडवलंस आणि तरी उणे? म्हणजे सुरमय गावली नि बांगड्याच्या भावान इकलंस मा!

बांदा_कॉल
त्याची थट्टा सोड, पण मुद्दा तोच आहे. रोख १८,००० आले तेव्हा तेवढेच तुझ्या डोक्यावरही चढले. तू उडालास की ते दुसऱ्याचे. स्वतःच्या डोक्यावरचे पैसे फक्त पहिल्या नंबरवाल्याला मिळतात. बाऊंटीची मलई फायनल टेबलवर, म्हणजे शेवटी उरलेल्यांच्या टेबलावर असते आणि तू पहिल्या दोन तासांतल्या डोक्यांमागे धावतोस, असं वाटतं.

तरी सैल कॉल, म्हणजे जरा कमजोर पत्त्यांवरही समोरच्याच्या पैजेला बरोबरी, करायचे असतात, पण मोजून. सुरुवातीच्या ३०,००० चिप म्हणजे प्राइज पूलचे ४,५००. कोऱ्या डोक्याचे रोख मिळतात २,२५०, म्हणजे १५,००० चिपांच्या बरोबरीचे. समजा समोरच्याने आपल्या सगळ्या १५,००० चिपा लावल्या (ऑल-इन), मध्ये ब्लाइंड-अँटीचे, म्हणजे पत्ते खेळण्याआधी सक्तीने टाकलेले, २,०००. साध्या टूर्नामेंटमध्ये तुझे १५,००० धरून ३२,००० चा डाव, म्हणून कॉलला ४७ टक्के वेळा जिंकायला हवं; इथे बाऊंटी धरून तो ४७,००० चा, म्हणून ३२ पुरतात. एवढा फरक. पण त्याच्याकडे तुझ्यापेक्षा एक चिप जरी जास्त असली, तर जिंकूनही तो उडत नाही, बाऊंटी शून्य. पुन्हा ४७ वर. आणि चिपा वाढत जातात तशी त्याच २,२५० ची किंमत चिपांत बदलते, पहिल्या तासाचं गणित रात्री दहाला चालवू नकोस.

चार टूर्नामेंटवरून तुझं बरंवाईट काही ठरत नाही. चारशे झाल्या की बोलू.

सुकटभाकरी
चारशे? तवसर इंजिनां गंजतली. ऑनलाइन हात बसवूचो म्हटला तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यान पैशाचे ऑनलाइन खेळ बंद.

खातेवही_रत्नागिरी
कराचं कुणी बोललंच नाही. जिंकलेल्यावर ३० टक्के, वर सेस. हरलेल्या एंट्र्या, रेल्वे, लॉज, काहीही वजा होत नाही. म्हणजे १३,००० नी मागे असलेल्या माणसालाही कर बसू शकतो. माझ्या मते वर्षाला दोन फेऱ्या मारणाऱ्याने यात नफा शोधूच नये. पावसाळ्यातली मौज समजून जा.

इंजिनमिस्त्री_मालवण
करावर आता बायकोसमोर बोलणार नाही.

बांदा, तुझं वाचून गेल्या जुलैतला एक हात आठवला. समोरच्याच्या डोक्यावर १८,०००. त्याने ऑल-इन केलं, मी राजा-नव्वीवर कॉल केला. त्याचा एक्का-गुलाम. मी उडालो. चिपा मोजल्या तर त्याच्याकडे माझ्यापेक्षा ४,००० जास्त. कॉल करताना मी त्याच्या ढिगाकडे बघितलंच नव्हतं, शेजारच्या बाऊंटीच्या चकतीकडे बघत होतो.

बाकीचे हात वहीत आहेत, उद्या टाकतो.