विषय: दुसरी सायकल हवी आहे – खराब रस्ते आणि रोजचं ऑफिस

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हलकी रोड बाइक आहे, 25 मिमीच्या टायरची. सुट्टीच्या दिवशी लांब फिरायला ती छान आहे. आता मात्र रोज ऑफिसलाही सायकलनेच जायचं ठरवलंय. वाटेत खड्डे आहेत, आणि पाइप टाकायला खणून कसेतरी बुजवलेले चर. सोबत लॅपटॉप आणि बदलायचे कपडे. दुकानदार पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंग) असलेली हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, सुचवतोय. घेऊ का? कुणी रोज सायकलने जात असेल तर कृपया सांगा.

---

उत्तर: दुसरी सायकल हवी आहे

ताई, नमस्कार.

सस्पेन्शनवाली घेऊ नका. स्वस्त सायकलींवर सस्पेन्शनचा जो फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) येतो तो वजनदार असतो, त्यात पाणी-धूळ जाऊन काही काळाने जाम होतो, आणि दुरुस्त करण्यापेक्षा बदलावाच लागतो. शिवाय तुम्हाला रोज जो त्रास होणार तो बारीक, सतत बसणाऱ्या धक्क्यांचा. तो जाड टायर आणि कमी हवा यांनीच जिरतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न गिअरचा विचारू नका. ‘मडगार्ड लावून किती जाड टायर बसतो?’ हे विचारा. ‘मडगार्ड लावून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मडगार्ड जागा खातं आणि विकणारा बहुतेकदा त्याशिवायचा आकडा सांगतो. 40 मिमी बसत असेल तर उत्तम, 35च्या खाली मी जाणार नाही. तुमच्या 25 मिमीच्या टायरमध्ये 80-90 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा लागत असेल, तर 40 मिमीला त्याच्या साधारण निम्मी पुरते. खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली की सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ते पंक्चरही जाड टायरमध्ये बरंच टळतं. फक्त मागच्या चाकात थोडी जास्त हवा ठेवा, वजन तिथे असतं.

टायरच्या बाजूला 40-622 असा आकडा छापलेला असतो, तोच वाचा. पहिला रुंदी, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिमीमध्ये. इंचांवर विसंबू नका. 700सी, 28 इंच म्हणून हल्ली मिळणारे बहुतेक टायर आणि 29 इंच, तिन्ही 622च असतात. उलट 26 इंच म्हटलं तर 559ही असतो आणि 590ही, आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत.

लॅपटॉप पाठीवर नको. घामाचं सोडा, खड्ड्यात त्याचा धक्का थेट खांद्याला बसतो. फ्रेमला कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं आहेत का ते बघा. कॅरिअरला पिशवी अडकवून पॅडल मारून पाहा, टाच लागता कामा नये. रोड बाइकची मागची बाजू आखूड असते, तिथे हमखास लागते.

ब्रेक डिस्कचे घ्या, म्हणजे रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला पकडणारे. पावसात चिखल-वाळू रिमवर चढली की रिम ब्रेक दाबताना रिमच घासली जाते, आणि रोज वापरायच्या सायकलीची चाकं अशी झिजवणं मला पटत नाही.

---

उत्तर: दुसरी सायकल हवी आहे

टायरबद्दल दादांशी पूर्ण सहमत. माझी एक भर: वाटेत सिग्नल बरेच असतील तर मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आत गिअर असलेली सायकल चालवून बघा. उभ्या उभ्या गिअर बदलता येतो, आणि मागे लोंबणारा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नसल्यामुळे सायकलींच्या गर्दीत लावताना तो वाकायची भीती नाही. चढ फार तीव्र असतील तर मात्र 7 गिअरचा हब कमी पडेल, 8चा बघा. तोटाही सांगते. पंक्चर झालं की मागचं चाक काढणं किचकट. 15 नंबरचा पाना कायम जवळ हवा, आणि गिअरची केबल सोडवून पुन्हा लावायला घरीच एकदा शिकून घ्यायला हवं.

---

उत्तर: दुसरी सायकल हवी आहे

हे ताईंनी बरोबर सांगितलं. ऑफिसला पोचायची घाई असताना रस्त्याच्या कडेला ते पहिल्यांदा करू नये.

आणखी एक, जुनी सायकल घेणार असाल तर. फोर्क ज्यात बसतो त्या पुढच्या उभ्या नळीला फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या नळ्या जिथे जुळतात, तिथे त्या नळ्यांच्या खालच्या बाजूने रंग सुरकुतलाय किंवा तडकलाय का ते उजेडात नीट पाहा. तसं असेल तर ती कुठेतरी समोरून धडकलेली असू शकते. कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.